लिथोस्ट्रोटोन म्हणजे काय आणि ते होतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला, की हे प्रश्न ठरलेले. जेरुसलेमची यात्रा करून आलेली मंडळी मोबाइलवर एका जुन्या, झिजलेल्या फरशीचा फोटो दाखवतात आणि सांगतात, ‘रोमन सुभेदार पिलाताने येशूचा न्याय केला तो इथेच, गाइडने सांगितलं.’ मग कुणीतरी बायबल उघडतं, तिथे ‘फरसबंदी’ (मूळ ग्रीकात ‘लिथोस्ट्रोटोन’) आणि ‘गब्बाथा’ असे दोन शब्द सापडतात आणि चर्चा सुरू होते. त्या चर्चेत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा शब्द बायबलमध्ये नेमका कुठे येतो?

नव्या करारात एकदाच, योहानकृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातल्या 13व्या वचनात. ‘याला सोडलंत तर तुम्ही कैसराचे (रोमन सम्राटाचे) मित्र नाही,’ ही जमावाची धमकी ऐकून पिलात येशूला बाहेर आणतो आणि ‘लिथोस्ट्रोटोन’ नावाच्या जागी न्यायासनावर बसतो. योहान लगेच पुढे सांगतो, की या जागेचं इब्री नाव गब्बाथा. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात ही दोन्ही नावं नाहीत. मत्तय 27:19 मध्ये न्यायासन आहे, पिलाताच्या बायकोने पाठवलेला निरोप आहे, पण जागेचं नाव नाही.

शब्दाचा अर्थ काय?

‘लिथोस’ म्हणजे दगड आणि ‘स्ट्रोटोस’ म्हणजे अंथरलेला. दगड अंथरून केलेली जमीन, म्हणजे सरळसरळ फरसबंदी. यातलं ‘अंथरणे’ हे क्रियापद ग्रीक नव्या करारात आणखी एका ओळखीच्या प्रसंगी येतं: येशू जेरुसलेमात येत असताना लोक आपले कपडे वाटेवर पसरतात तिथे. त्या रविवारी अंथरलेले कपडे आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी अंथरलेला दगड. योहानाने हे मुद्दाम जुळवलंय असं मात्र म्हणता येत नाही. कपडे पसरल्याचा उल्लेख मत्तय, मार्क आणि लूक करतात, योहान करतच नाही. प्रवचनात ही जोडी ऐकायला छान वाटते, पण तिचा पुरावा करू नये.

शब्दावरून फरशी कशा प्रकारची होती हेही कळत नाही. मोठमोठ्या चिऱ्यांची फरसबंदी असो, रंगीत दगडांची नक्षी असो किंवा बारीक खड्यांचं मोझेइक असो, ग्रीक माणूस तिन्हींना हाच शब्द वापरू शकत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे जागेच्या वादात तिचं काम पडणार आहे.

मराठी बायबलमध्ये ‘लिथोस्ट्रोटोन’ का दिसत नाही?

कारण मराठी भाषांतरकारांनी त्याचा अर्थ दिला, ‘फरसबंदी’, आणि गब्बाथा हे नाव तसंच ठेवलं. मला हा निर्णय पटतो. योहानाच्या ग्रीक वाचकाला पहिला शब्द कानावर पडताच कळत होता आणि दुसरा परका वाटत होता. मराठी वाचकालाही तसंच होतं. वाड्याचा फरसबंद चौक ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच कथेतला ‘प्रायटोरियम’ मराठी बायबलमध्ये ‘सरकारवाडा’ झाला आहे, तोही असाच नेमका शब्द. सुभेदाराचं राहणं, कचेरी आणि शिपायांचा तळ, सगळं त्यात आलं.

गब्बाथा म्हणजे लिथोस्ट्रोटोनचंच भाषांतर का?

नाही, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. गब्बाथाचा दगडाशी किंवा अंथरण्याशी काही संबंध दिसत नाही. त्या शब्दाचं मूळ बहुधा उंचवटा, पाठीसारखा वर आलेला भाग अशा अर्थाच्या धातूत आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस ‘गबाथ-शौल’ या गावाच्या नावाचा अर्थ ‘शौलाची टेकडी’ असा देतो, तेही याच कुळातलं नाव.

योहानानेही भाषांतर केल्याचा दावा केलेला नाही. ‘मशीहा म्हणजे ख्रिस्त’, ‘रब्बी म्हणजे गुरू’ असं जिथे सांगायचं, तिथे तो ‘याचा अर्थ असा’ असं स्पष्ट लिहितो. इथे तो एवढंच म्हणतो, की इब्रीत या जागेला गब्बाथा म्हणतात. एकाच जागेची दोन नावं, एक पायाखालच्या फरशीवरून पडलेलं, दुसरं जमिनीच्या उंचीवरून. दोन्ही एकत्र केली तर शोधायची जागा अशी: उंच भागावरचं, फरसबंदी केलेलं, उघडं आवार.

पण ‘गब्बाथा’ इब्री आहे की अरामी?

अरामी. योहान ज्या भाषेला ‘इब्री’ म्हणतो ती त्या काळच्या यहुदी लोकांची रोजची बोली. येशूला क्रूसावर दिलं त्या गुलगुथा या जागेच्या नावाचंही तसंच.

जुन्या करारात हा ग्रीक शब्द सापडतो का?

ख्रिस्तपूर्व काळात जुन्या कराराचं जे ग्रीक भाषांतर झालं, त्यात सापडतो, तीन ठिकाणी. एस्तेरच्या पहिल्या अध्यायात पर्शियाच्या राजाच्या मेजवानीचं वर्णन आहे, तिथे राजवाड्याची मौल्यवान दगडांची फरशी. गीतरत्नाच्या तिसऱ्या अध्यायात शलमोनाच्या पालखीच्या आतल्या सजावटीसाठी. आणि 2 इतिहास 7:3 मध्ये: शलमोनाने मंदिराचं समर्पण केलं, स्वर्गातून अग्नी उतरला आणि लोक फरसबंदीवर तोंडं टेकून पालथे पडले.

या तिसऱ्या ठिकाणावरून काही भाष्यकार म्हणतात, की योहानाने इथे मंदिराकडे बोट दाखवलं आहे: तिथे लोकांनी फरशीवर पडून देवाला नमन केलं, इथे फरशीवर उभ्या राजाला नाकारलं. कल्पना देखणी आहे. पण शब्द त्या काळी सर्रास वापरातला होता. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकातही तो येतो, अँटिगोनीला जिवंत कोंडलं त्या दगडी गुहेच्या वर्णनात. एका सामान्य शब्दावर एवढा डोलारा उभा करण्याइतका मी धीट नाही.

बायबलबाहेर पहिल्या शतकात हा शब्द कोण वापरतं?

रोमन लेखक प्लिनी. तो सांगतो, की ‘लिथोस्ट्रोटा’ची पद्धत रोमन लोकांत हुकूमशहा सुल्लाच्या काळी आली आणि सुल्लाने इटलीतल्या प्रायनेस्ते इथल्या भाग्यदेवतेच्या मंदिरात बारीक दगडांची अशी फरशी घातली होती.

त्याहून कामाचा योसेफस. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने घातलेल्या वेढ्यात, जेरुसलेमच्या मंदिराच्या आवारात घडलेला एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. बिथिनियाचा ज्युलियन नावाचा रोमन शताधिपती एकटाच शत्रूवर तुटून पडला. समोरचे पळत सुटले. पण त्याच्या पायात रोमन शिपायाच्या खिळे ठोकलेल्या वहाणा होत्या. लिथोस्ट्रोटोनवरून धावताना त्याचा पाय घसरला, चिलखताच्या खणखणाटासह तो उताणा पडला, पळणारे तो आवाज ऐकून मागे वळले आणि त्यांनी त्याला घेरून मारलं. म्हणजे त्याच शहरात, त्याच शतकात, हाच शब्द दुसऱ्याच जागेसाठी. दगडी फरशीचं आवार जेरुसलेममध्ये एकच नव्हतं. त्यामुळे कुठेतरी जुनी फरशी सापडली, एवढ्यावरून ती योहानाची ठरत नाही.

न्यायासन म्हणजे पक्कं बांधलेलं आसन होतं का?

तसं असायलाच हवं असं नाही. ग्रीक शब्द ‘बेमा’. पायऱ्या चढून जायचा चौथरा आणि त्यावर अधिकाऱ्याची खुर्ची. सुभेदार जिथे बसेल तिथे ते मांडता येत असे. पिलाताने आपल्या राजधानीत, कैसरियात, मोठ्या क्रीडांगणात बेमा मांडल्याचं योसेफस सांगतो. मरणदंडाची शिक्षा उघड्यावर, सगळ्यांदेखत, आसनावर बसून सुनवायची हा रोमन रिवाज होता.

योहानाच्या कथेत उघड्या जागेला आणखी एक कारण आहे. वल्हांडण या सणाचं भोजन करता यावं म्हणून, विटाळ होऊ नये म्हणून, यहुदी पुढारी सरकारवाड्यात पाऊल टाकत नाहीत. त्यामुळे पिलातालाच आत-बाहेर खेपा घालाव्या लागतात: आत येशूशी बोलायचं, बाहेर जमावाशी. या येरझाऱ्या लिथोस्ट्रोटोनवर येऊन थांबतात. तोवर टाळाटाळ करणारा माणूस बसतो आणि विषय संपतो. योहानाने नेमकं याच ओळीत जागेचं नाव दोन भाषांत द्यावं, पुढच्याच वचनात दिवस आणि तास सांगावा, हे मला फार बोलकं वाटतं. कज्ज्याच्या कागदावर स्थळ, दिवस, वेळ लिहितात तसं ते आहे.

आसनावर पिलात बसला, की त्याने येशूला बसवलं?

प्रश्न विचित्र वाटेल, पण ग्रीक व्याकरणात त्याला जागा आहे. ‘एकाथिसेन’ या क्रियापदाचा अर्थ ‘बसला’ असाही होतो आणि ‘बसवलं’ असाही. ‘येशूला बाहेर आणलं आणि न्यायासनावर बसवलं’ असं वाचलं, तर तो थट्टेचा भाग होतो: काटेरी मुगूट, जांभळा झगा, आता आसन आणि मग ‘पाहा, तुमचा राजा!’ दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो, की लोकांनी येशूला न्यायासनावर बसवून ‘आमचा न्याय कर’ असं हिणवलं. पेत्राच्या नावाने चालणाऱ्या एका जुन्या, बायबलबाहेरच्या शुभवर्तमानातही तसंच आहे.

तरी मी ‘पिलात बसला’ याच बाजूने आहे. ‘बसवलं’ म्हणायचं तर कुणाला, ते सांगणारं सर्वनाम इथे अपेक्षित होतं, ते नाही. शिवाय रोमन सुभेदार जमावासमोर आपल्याच आसनाची शोभा करून घेईल, हे पटत नाही. मराठी भाषांतरंही पिलातालाच बसवतात. मात्र योहानाला दुहेरी अर्थाची आवड आहे, त्यामुळे दुसरा अर्थ त्याच्या मनात नव्हताच, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

फोटोतली ती फरशी कुठली?

जेरुसलेमच्या जुन्या शहरात, सिंह दरवाजाकडून येणाऱ्या रस्त्यावर, सियोनच्या भगिनींचा ‘एक्के होमो’ मठ आहे. ‘एक्के होमो’ म्हणजे ‘पाहा, हा मनुष्य’, पिलाताचेच शब्द. आल्फाँस रॅटिस्बॉन या धर्मगुरूंनी 1857 मध्ये ही जागा घेतली. बांधकामात खाली प्राचीन फरशी लागली. पुढे विसाव्या शतकात दोमिनिकन संघाचे पुरातत्त्वज्ञ लुई-ह्यूग व्हँसाँ यांनी ठामपणे मांडलं, की हे राजा हेरोदाने मंदिराजवळ बांधलेल्या अँटोनिया किल्ल्याचं आतलं आवार आणि हेच लिथोस्ट्रोटोन. मठातल्या भगिनी मारी-अलीन यांनीही त्याच मताचा पाठपुरावा केला. दगड प्रचंड, दृश्य भारावून टाकणारं. काही चिऱ्यांवर घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून आडव्या रेघा खोदलेल्या. जगभरच्या यात्रेकरूंच्या मनात ही ओळख पक्की बसली.

मग ती येशूच्या काळची नाही का?

नाही. याचं उत्तर फरशीच्या खाली आहे, आणि ते पाण्याचं आहे.

फरशीखाली खडकात खोदलेला एक लांबट तलाव आहे. योसेफस त्याला स्ट्रुथिऑन म्हणतो, म्हणजे चिमणी. तो सांगतो, की इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने अँटोनियावर चढाई करण्यासाठी मातीचा जो उतार रचला, त्यातला एक याच तलावाच्या मधोमध होता. तलाव उघडा असेल तरच हे शक्य आहे. त्यावर पक्की फरसबंदी आणि ये-जा करणारे लोक असते, तर तलावात भराव घालणार कुठून? आज त्या तलावावर दगडी कमानींचं छत आहे आणि ती फरशी या छतावर पेलली आहे. म्हणजे छत आणि फरशी दोन्ही 70 नंतरची. सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना नावाचं रोमन नगर वसवलं, त्यातल्या पूर्वेकडच्या चौकाची ही फरशी. रस्त्यावरची प्रसिद्ध ‘एक्के होमो’ कमानसुद्धा त्याच चौकाच्या तिहेरी वेशीचा मधला भाग मानली जाते.

हा उलगडा करण्यात मोठा वाटा पिएर बन्वा यांचा. गंमत म्हणजे तेही दोमिनिकन आणि व्हँसाँ यांच्याच जेरुसलेममधल्या एकोल बिब्लिक संस्थेतले. आपल्याच घरच्या वडीलधाऱ्याचं मत पुराव्याने खोडायचं, हे सोपं काम नव्हे. आज मठातही ही फरशी हेड्रियनच्या काळची म्हणूनच ओळखली जाते. सगळे गाइड तिथवर पोचलेत असं म्हणवत नाही.

फरशीवर कोरलेला ‘राजाचा खेळ’ खरा आहे का?

कोरीव रेघा खऱ्या आहेत. वर्तुळं, चौकटी आणि ग्रीक ‘बीटा’ (B) हे अक्षर, ज्याचा संबंध ‘बासिलेउस’ म्हणजे राजा या शब्दाशी जोडतात. कंटाळलेले शिपाई दगडावर पट मांडून सोंगट्या खेळत, हे रोमन जगात कुठेही दिसतं. पण फरशीच शंभर वर्षांनंतरची असेल, तर येशूची थट्टा करणाऱ्या शिपायांचा हात त्या रेघांवर लागला, असं म्हणायला आधार राहत नाही. शिपायांच्या अशा खेळांची कल्पना यावी म्हणून त्या जरूर पाहाव्यात.

मग खरं लिथोस्ट्रोटोन कुठे?

आज बहुतेक अभ्यासकांचा कौल शहराच्या पश्चिमेकडच्या उंच भागाला, याफा दरवाजाजवळच्या हेरोदाच्या राजवाड्याला आहे. मलाही तोच पटतो.

पिलात जेरुसलेमला राहत नव्हता. त्याची राजधानी समुद्रकाठच्या कैसरियात. तिथेच 1961 मध्ये त्याचं नाव आणि ‘यहुदियाचा प्रीफेक्ट’ (सुभेदार) हा हुद्दा कोरलेला दगड सापडला. सणाला गर्दी झाली, की तो शिपाई घेऊन वर येई. अशा वेळी तो उतरणार कुठे? कैसरियात रोमन सुभेदार हेरोदाच्याच राजवाड्यात राहत. प्रेषितांची कृत्ये 23:35 मध्ये पौलाला ठेवलं तो ‘हेरोदाचा सरकारवाडा’ तोच. जेरुसलेममध्येही हेरोदाने बांधलेला आलिशान वाडा हाताशी असताना किल्ल्यातली शिपायांची बराक कोण पत्करेल? अलेक्झांड्रियाचा यहुदी लेखक फिलो लिहितो, की पिलाताने सोन्याचा मुलामा दिलेल्या ढाली जेरुसलेममधल्या हेरोदाच्या वाड्यात लावल्या. त्या वाड्याला तो सुभेदारांचं निवासस्थानच म्हणतो.

सगळ्यांत जवळचा पुरावा इसवी सन 66 चा. सुभेदार फ्लोरस राजवाड्यात मुक्कामाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने वाड्यासमोर बेमा मांडला, वर बसला आणि मुख्य याजक व शहरातले मोठे लोक त्याच्यापुढे येऊन उभे राहिले, असं योसेफस सांगतो. त्यानंतर लोकांना फटके आणि क्रूस. पिलाताच्या न्यायाची मांडणी जशीच्या तशी, फक्त साडेतीन दशकांनंतर. आणि हा भाग शहरातला सर्वांत उंच, म्हणजे गब्बाथा या नावालाही शोभणारा.

तिसरं मतही आहे: मधल्या दरीच्या बाजूचा, हेरोदाआधीच्या हस्मोनी राजांचा जुना वाडा. इसवी सन 333 मध्ये बोर्डोहून आलेल्या एका यात्रेकरूने पिलाताच्या वाड्याच्या भिंती खाली दरीत दाखवल्या जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. पण तीनशे वर्षांत शहर दोनदा उद्ध्वस्त होऊन गेलं होतं. त्यानंतरच्या आठवणीवर किती भार टाकायचा?

राजवाड्याच्या जागी आज काही दिसतं का?

फरशी दिसत नाही, म्हणूनच तिथे फोटो काढणारे कमी. दावीदाच्या बुरुजाच्या संग्रहालयाला लागून किशले नावाची इमारत आहे: 1834 मध्ये इब्राहिम पाशाच्या काळात बांधलेली बराक, पुढे तुरुंग. तिच्या जमिनीखाली 1999 पासून झालेल्या उत्खननात राजवाड्याच्या पायाच्या भिंती सापडल्या. शिवाय तटाच्या बाहेरच्या अंगाला, याफा दरवाजाच्या दक्षिणेस, जुन्या वेशीचे अवशेष आणि पायऱ्या आहेत. पुरातत्त्वज्ञ शिमोन गिब्सन यांचं म्हणणं, की दोन भिंतींमधलं तिथलं मोकळं आवार आणि वर आलेला खडक हेच लिथोस्ट्रोटोन आणि गब्बाथा. पक्कं ठरलेलं नाही, पण दोन्ही नावांचा एकाच जागी अर्थ लावणारी ही मांडणी विचारात घेण्यासारखी आहे.

म्हणजे क्रूसाची वाट चुकीच्या ठिकाणाहून सुरू होते का?

इतिहासाच्या दृष्टीने, बहुधा हो. जेरुसलेममध्ये फ्रान्सिस्कन बंधू दर शुक्रवारी दुपारी व्हिया डोलोरोसाची, म्हणजे क्रूसाच्या वाटेची, मिरवणूक अँटोनियाच्या जागेपासून काढतात. हा मार्ग मध्ययुगाच्या अखेरीस स्थिरावला. त्याआधी तो वेगवेगळ्या काळी वेगवेगळा होता. न्याय राजवाड्यात झाला असेल, तर येशू पश्चिमेकडून गुलगुथाकडे गेला, पूर्वेकडून नव्हे. पण वसईच्या चर्चमध्ये भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढून चालणारा भाविक नकाशा बघत चालत नाही. पहिल्या स्थानी मरणदंड सुनावला जातो, एवढं त्याला पुरतं. यात्रेकरूनेही सहाशे वर्षांच्या प्रार्थनेची वाट सोडून द्यायचं कारण नाही. फक्त तिला उत्खननाचा दाखला म्हणू नये.

जागा सापडलीच नाही, तर योहानाने नाव रचलं असेल का?

तसं वाटत नाही. जेरुसलेमच्या बारीकसारीक खुणांबाबत योहान वारंवार खरा ठरला आहे. त्याने सांगितलेला पाच पडव्यांचा तलाव ही नुसती रूपककथा, असं पूर्वी म्हणत. मग संत अॅनच्या चर्चजवळ मध्ये आडवी भिंत असलेला जोडतलाव सापडला, म्हणजे चार बाजूंच्या चार पडव्या आणि मधली पाचवी. शिलोहच्या तलावाच्या पायऱ्या 2004 मध्ये उघड्या झाल्या. शिवाय रचलेल्या नावाचा दोन भाषांत सहसा वेगळा अर्थ नसतो. लोक वापरत असलेल्या नावांतच असा विसंवाद आढळतो.

लिहायचं कसं: लिथोस्ट्रोटोन, लिथोस्ट्रोटोस की लिथोस्त्रोतोन?

योहानाच्या वाक्यात रूप ‘लिथोस्ट्रोटोन’ असं आहे. लॅटिन वळणाच्या पुस्तकांत आणि यात्रेच्या माहितीपत्रकांत बहुतेक वेळा ‘लिथोस्ट्रोटोस’ दिसतं, जागा तीच. ग्रीक उच्चाराला ‘त’ जवळचा, त्यामुळे ‘लिथोस्त्रोतोन’ही चूक नाही. चर्चमध्ये वाचन करायचं असेल तर ही अडचणच येत नाही. तिथे ‘फरसबंदी’च वाचायचं आहे.